खडूच्या रेघेमागच्या बायका

एकच बटाटा सोलायला राइनहोल्टने इतका वेळ घेतला, की याच्या पोटात काहीतरी आहे आणि ते ओठावर यायला तयार नाही, हे हेडविगच्या लक्षात आलं.

रविवारची दुपार होती. टेबलावर उकडलेले बटाटे, चक्का आणि त्यावर ओतलेलं जवसाचं तेल. गिरण्या बंद असल्यामुळे खिडकीच्या काचा थरथरत नव्हत्या. आठवड्याचे बाकीचे दिवस त्या इतक्या थरथरत, की रविवारी फोर्स्टमधल्या, त्या कापडगिरण्यांच्या जर्मन गावातल्या, माणसांना कानात दडे बसल्यासारखं वाटे.

“सोलून झाला तो,” हेडविग म्हणाली. “आता बोल.”

“मालकांचं उत्तर आलंय. अकराऐवजी दहा तास. शिवाय विणकरांचा दर वाढवून देतायत.”

“हे शुक्रवारपासून गावभर झालंय. मला पाववाल्याने सांगितलं.”

“एक अट आहे.” त्याने सुरी खाली ठेवली. “दहा तास परवडायचे तर एकेका विणकराने दोन दोन माग बघायचे, असं त्यांचं म्हणणं. मग माणसं कमी करायची. कुणाला काढायचं, तर ज्या बाईचा नवरा कमावतो तिला. ईस्टरनंतर लग्न झालेल्या बायका मागावर नकोत.”

हेडविगने तेलाची बाटली उचलली, त्याच्या ताटात धार धरली, मग स्वतःच्या. शाळा सुटली त्या वर्षापासून ती त्या एकाच गिरणीत होती. राइनहोल्ट तिच्यानंतर आला. संघटनेतही तीच आधी होती. पहिल्या सभेला त्याला तीच घेऊन गेली होती, आणि तो मागच्या बाकावर टोपी कुस्करत बसला होता. त्यांना एक मूल झालं होतं, ते राहिलं नाही. त्यानंतर लोक तिला विश्रांती घे म्हणत असताना ती आठव्या दिवशी मागावर जाऊन उभी राहिली होती. तिथल्या आवाजात रडलेलं कुणाला ऐकू जात नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यांत ती मोजे रफू करायची आणि तो तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. कष्ट कोणाचे आणि नफा कोणाचा, श्रमाची किंमत कशी ठरते, उद्याचा समाज कसा असेल. स्वस्त कागदावरची पुस्तकं, हातोहात फिरून कोपरे गोल झालेली. बाई मोकळी व्हायची तर तिची स्वतःची कमाई हवी, हा मुद्दा त्याने तिला एकदा फार कळकळीने समजावून सांगितला होता. तेव्हा त्याचा माग बंद पडला होता आणि घर तिच्या मजुरीवर चाललं होतं. तिने मान डोलावून सगळं ऐकून घेतलं होतं.

“तुझं मत काय?” तिने विचारलं.

“मी अध्यक्ष आहे. माझं एकट्याचं मत काय कामाचं?”

“मी अध्यक्षाला नाही विचारलं. नवऱ्याला विचारलं.”

त्याने बराच वेळ चक्का कालवला. “दहा तास, हेडविग. माझा बाप चौदा तास उभा राहायचा. त्याचे गुडघे आठवतात मला. हे एकदा हातात आलं की कुणाचा बाप परत घेऊ शकणार नाही. मग पुढच्या लढाईत तुमचंही परत मिळवू.”

“पुढच्या लढाईत मी संघटनेत असेन? मागावर नसलेली बाई?”

त्याने सोललेल्या बटाट्याचे तुकडे केले.

“आणि मत कोण देणार आज?”

“तुला माहीत आहे कोण देणार.”

माहीत होतं. आदल्या वर्षापर्यंत विणकरांच्या संघटनेत बाया आणि पुरुष शेजारी शेजारी बसत आणि सारखेच हात वर करत. मग एका सभेत कुणीतरी संसदेतल्या दहा तासांच्या कायद्याविषयी बोललं. फौजदार टेश्केने ते टिपून वर कळवलं, आणि वरून हुकूम आला: ही संघटना राजकीय आहे. प्रशियाच्या कायद्याप्रमाणे राजकीय संघटनेत बाईला जागा नव्हती. अलीकडे मंत्र्यांनी एवढी मेहेरबानी केली होती, की बायकांनी सभेला यायचं तर यावं, पण वेगळ्या भागात बसावं आणि फक्त ऐकावं. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात वर करायचा नाही. बायकांची नावं सभासदांतून गेली. वर्गणी तेवढी राहिली. ती आता देणगी म्हणून घेत.

“पुढे ढकल,” हेडविग म्हणाली. “चार दिवस मागून घे. घरोघर जाऊन बायकांना विचारा.”

“उद्या सकाळी फाटक उघडायच्या आत उत्तर हवंय त्यांना. नाहीतर टाळेबंदी. नवी सभा घ्यायची तर पोलिसांना एक दिवस आधी कळवावं लागतं. आजची सभा आहे, तेवढीच आहे आपल्याकडे.” त्याने हात पसरले. “माझे हात बांधलेत गं.”

आपण लाचार आहोत, एवढंच त्याला सांगायचं होतं. ती ताटं उचलायला लागली. पण ते वाक्य तिने उचलून बाजूला ठेवलं नाही. ते घेऊनच ती सभेला गेली.

*

सभा एका बिअरच्या दुकानामागच्या मोठ्या दालनात भरत असे. शनिवारी तिथे नाच होई, त्यामुळे जमीन मेण घासून गुळगुळीत केलेली. उजव्या भिंतीपासून काही हात सोडून खडूची एक जाड रेघ ओढलेली असे. दर सभेला टेश्के आल्या आल्या ती बघायचा, कुठे पुसट झाली असेल तर मालकाकडून पुन्हा ओढून घ्यायचा. रेघेपलीकडे बायकांचे बाक होते.

पाउलीना मावशीने हेडविगसाठी जागा धरली होती. मावशी कुणाचीच मावशी नव्हती. कापडातल्या गाठी सुईने काढून काढून तिचे डोळे अधू झाले होते, पण जीभ शाबूत होती.

“ये, ये गोठ्यात,” मावशी म्हणाली. “आज दोन वासरं जास्त आहेत, जरा दाटीवाटीने बस.”

“मावशी, हळू. टेश्के ऐकतोय.”

“ऐकू दे. सभा सुरू झालेली नाही. तोवर मला तोंड आहे.”

सगळ्यांच्या मांडीवर विणकाम होतं. ही मावशीचीच युक्ती. पहिल्या सभेत बायकांना हातांचं काय करावं कळेना, टाळी वाजेल म्हणून त्या ते मांडीखाली दाबून बसल्या होत्या. दुसऱ्या सभेला मावशी लोकर घेऊन आली. मग सगळ्याच आणू लागल्या. बोलणाऱ्याचं पटलं की सुया जोरात वाजत. कंटाळा आला की मंदावत. मुळीच पटलं नाही की थांबत. टेश्केने आपल्या नियमांच्या पुस्तकात शोधलं, पण विणकामाबद्दल त्यात काही सापडलं नाही. पुरुषांनाही आता सवय झाली होती. बोलता बोलता ते रेघेकडे कान लावत.

पलीकडच्या टोकाला फ्रीडा बसली होती. हेडविगच्या शेजारच्या मागावरची, अंगाने किरकोळ, पंचविशीची, अविवाहित. आजारी आई आणि ती, एवढंच घर. तिने हेडविगकडे पाहिलं आणि डोळे सुयांवर नेले. म्हणजे अट तिच्याही कानावर आली होती.

व्यासपीठावर टेश्केने आपला टोकदार टोप काढून टेबलावर ठेवला, पाण्याच्या सुरईशेजारी. त्याच्यासमोर बिअरचा पेला आला. टोप टेबलावर आहे तोवर सभा चालू. त्याने तो डोक्यावर चढवला की सभा बरखास्त. एकही शब्द न बोलता. टेश्के दुष्ट माणूस नव्हता. सभा बरखास्त केली की त्याला रात्री बसून अहवाल लिहावा लागे, आणि बिअर अर्धी राही. त्यामुळे तो शक्यतो काही न ऐकण्याच्या बाजूचा होता. मागे एकदा रेघेमागून कुणी जोरात शिंकलं, तेव्हा त्याने टोपाकडे पाहिलं होतं, मग शिंकणारीकडे, आणि म्हणाला होता, “बरं व्हा लवकर.”

राइनहोल्ट उभा राहिला. सभेत तो घरच्यापेक्षा उंच दिसायचा. आधी त्याने दहा तासांचं वाचलं. सुया जोरात वाजू लागल्या, पुरुषांनी टेबलं बडवली. दराचं वाचलं. पुन्हा तेच. मग तो घोटभर पाणी प्यायला आणि अट वाचू लागला.

सुया थांबल्या.

एकदम नाही थांबल्या. आधी मधल्या बाकावरच्या, मग मागच्या, शेवटी मावशीच्या. पुरुषांच्या बाजूला कुणी खुर्ची सरकवली, ती सगळ्या दालनात ऐकू गेली. राइनहोल्टने कागदावरून नजर वर उचलली. हेडविगने ते पाहिलं. त्याने ऐकलं होतं, आणि काय ऐकलं ते त्याला कळलं होतं. मग तो पुढचं वाक्य वाचायला लागला.

पलीकडच्या टोकाला फक्त फ्रीडाच्या सुया पुन्हा सुरू झाल्या.

जवळच्या कॉटबुस शहराहून आलेले कॉम्रेड रानिश बोलले. नाकावर चष्मा, स्वच्छ कॉलर. त्यांनी सांगितलं की स्त्रीमुक्तीचा प्रश्न हा मूळ प्रश्नाचा एक भाग आहे, मूळ प्रश्न सुटला की तो आपोआप सुटेल. आज हातात येणारं घ्यावं. ते मनापासून बोलत होते. मग पाउल नावाचा एक तरुण विणकर उठला.

“आता स्पष्टच बोलतो,” तो म्हणाला. “बायकांना कमी मजुरी देतात म्हणून आपला दर पडतो, हे खरं की नाही? त्या घरी बसल्या तर दर वर राहील. आणि मी म्हणतो, बिचाऱ्यांना जरा आराम मिळेल. गरम जेवण मिळेल आपल्याला. माझी बायको तर देवाचे आभार मानेल.”

“तुला बायको कुठे आहे?” कुणीतरी ओरडलं.

“होईल ना. दर वाढला की होईल.”

लोक हसले. रेघेमागे मावशी पुटपुटली, “याला करणारी अजून जन्मायची आहे,” आणि टेश्केने आपला कान खाजवला.

आणखी दोघे तिघे बोलले. एका म्हाताऱ्या विणकराने म्हटलं की ज्यांची नोकरी जाणार त्यांना न विचारता हे ठरवणं त्याला बरं वाटत नाही. त्याला कुणीतरी विचारलं, “मग आजोबा, टाळेबंदीत तुम्ही काय खाणार?” आजोबा खाली बसले.

राइनहोल्टने विचारलं, “आणखी कुणाला बोलायचंय?” त्याची नजर पुरुषांच्या बाजूने सावकाश फिरली, डाव्या भिंतीपासून खडूच्या रेघेपर्यंत. तिथून ती परत वळली. “मग मतदान घेऊ.”

हेडविगने विणकाम मावशीच्या मांडीवर ठेवलं. आपण काय करणार आहोत, हे तिला दुपारपासूनच माहीत होतं, फक्त तिने स्वतःला ते सांगितलं नव्हतं. ती उठून बोलली तर टोप चढणार, मतदान होणार नाही आणि अट जाणार. अटीबरोबर दहा तास जाणार, वाढलेला दर जाणार, फाटक बंद होणार. या दालनातल्या प्रत्येकाच्या ताटातलं काहीतरी ती ओढून घेणार होती, आणि त्यांच्यातल्या एकानेही तिचं वाईट चिंतलं नव्हतं. ती बसून राहिली तर तिचं एकटीचं जाणार होतं. तिचं, आणि या बाकांवरच्या निम्म्या बायकांचं. हा हिशेब तिला कुठल्याच बाजूने जुळवता येईना. एवढंच दिसत होतं, की आपल्याबद्दल ठरतंय आणि आपण मोजे विणतोय.

ती उभी राहिली. “अध्यक्ष, मला बोलायचंय.”

राइनहोल्टचा चेहरा पांढरा पडला. “हेडविग,” तो हळूच म्हणाला. “नको.”

टेश्के बिअर पीत होता. त्याने पेला खाली ठेवला नाही. “नोआकबाई,” तो पेल्यावरून हेडविगला म्हणाला, “या कानाने मला जरा कमी ऐकू येतं. बसा खाली. मला काही ऐकू आलेलं नाही.”

“मग दुसरा कान करा इकडे, फौजदारसाहेब,” हेडविग म्हणाली. “मी या संघटनेत इथल्या निम्म्या पुरुषांच्या आधीपासून आहे. माझं मत विरोधात आहे.” आणि तिने हात वर केला.

टेश्केने उसासा सोडला. पेला ठेवला, मिशा पुसल्या, टोप उचलला आणि डोक्यावर चढवला. हनुवटीखालचा पट्टा लावायला त्याने बराच वेळ घेतला, जणू मधल्या वेळात कुणी काही सुचवलं तर त्याला हवंच होतं.

*

दाराबाहेर पडताना कुणी तिला ढकललं नाही. वाट सोडून दिली, आणि तेच जास्त लागलं. पाउल मोठ्याने म्हणाला, “अध्यक्षाला घरात बोलू देत नाही, आता सभेतही नाही.” राइनहोल्टने मागे वळून पाहिलं नाही. बायकांतल्याही काही तोंड फिरवून गेल्या. मावशीने तिचं विणकाम तिच्या हातात कोंबलं. “टाके सुटलेत काही,” एवढंच म्हणाली.

फ्रीडा मात्र थेट समोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

“तुला कोणी विचारलं होतं?” ती म्हणाली. “माझे पाय बघितलेस? संध्याकाळी बूट निघत नाहीत माझे. तो एक तास माझा होता. तू माझ्याबद्दल ठरवलंस. त्यांनी तुझ्याबद्दल ठरवलं तसंच.”

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

नवरा-बायको गिरणीच्या कालव्याकडेने घरी निघाले. कालव्याचं पाणी रविवारी साधं पाण्याच्या रंगाचं असे. बाकीच्या दिवशी रंगखात्यात जो रंग चालू असेल तो. अजून उजेड होता. लोक फिरायला निघाले होते आणि टोप्या उचलून नमस्कार करत होते. ज्यांच्या कानावर गेलं होतं ते करत नव्हते.

“दहा तास गेले,” राइनहोल्ट म्हणाला.

“हो.”

“मला आधी सांगितलं असतंस तर?”

“तर तू काय केलं असतंस?”

“घरी कोंडून आलो असतो तुला,” तो म्हणाला. मग दोन पावलं गेल्यावर, “नसतो आलो. पण काय केलं असतं ते मला माहीत नाही.”

“सुया थांबल्या ते तू ऐकलंस.”

“ऐकलं.”

“मग?”

तो थांबला. कालव्याच्या कठड्यावर हात टेकून पाण्याकडे बघत राहिला. “वाचत राहिलो. धागा तुटल्याचं कानावर आलं, तरी माग चालूच ठेवावा तसा. असलं कापड मी दुसऱ्या कुणाच्या मागावर पाहिलं असतं तर...” त्याने वाक्य तिथेच सोडलं.

“मला अजूनही वाटतं आपण घ्यायला हवं होतं,” काही वेळाने तो म्हणाला. “मी तुझ्या बाजूने झालोय असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“पण मत बरोबर घेतलं जात नव्हतं.” तो आता अध्यक्षाच्या आवाजात बोलत होता, स्वतःशीच. “कायदा त्यांचा होता. मी तो माझ्या सोयीला वापरला. संघटनेच्या समितीने उत्तर द्यायचं ठरवलं तर देता येतं. समिती कुठे बसते हे पोलिसांना सांगावं लागत नाही. मावशीच्या स्वयंपाकघरात बसलो, तर ते स्वयंपाकघर आहे. तिथे रेघ ओढायला टेश्के येणार नाही. तू ये आणि तिथे बोल.”

“एकटी नाही येणार.”

“मावशी असेलच की.”

“तुझ्या समितीत जितके पुरुष आहेत, तितक्या बायका. आणि हात सगळ्यांचे मोजायचे.” ती क्षणभर थांबली. “फ्रीडालाही बोलवायचं.”

“फ्रीडाला? ती तुझ्या विरोधात मत देईल.”

“म्हणून तर.”

*

फ्रीडाने दार फटीएवढं उघडलं. आतून औषधाचा आणि कोबीचा वास आला.

“माफी मागायला आली असशील तर नको,” ती म्हणाली.

“नाही मागणार. मावशीकडे बसतोय. मत घ्यायचंय. तू मला जे बोललीस तेच सगळ्यांसमोर बोलायचंय.”

“मी म्हणेन, अट घ्या.”

“म्हण.”

“तुझ्याकडे बघून म्हणेन.”

“बरं. शाल घे, वारा आहे.”

मावशीच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या नव्हत्या. कोळशाच्या खोक्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, एक जण उलट्या बादलीवर. मावशीने जवाची कॉफी केली आणि बजावलं, की जो ओरडेल त्याला तिसरा पेला मिळणार नाही. कॉम्रेड रानिश संध्याकाळच्या गाडीने परत गेले होते. त्यांच्या वाटची खुर्ची फ्रीडाला मिळाली.

फ्रीडा बोलली. तिने बूट काढून पाय दाखवले नाहीत, पण प्रत्येकाला ते दिसले. आईला रात्री उठवून बसवावं लागतं, सांगितलं. लग्न झालेल्या बाईच्या घरात दुसरी मजुरी तरी असते, माझ्या घरात दुसरं कुणी नाही, मी उद्या काय विकू, असं विचारलं. हेडविगला वाटलं, आपण तिच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, आणि इतकं नीट बोलता आलं नसतं.

मग हेडविग बोलली. तिचं बोलणं फार लांबलं नाही. ती म्हणाली, आज लग्न झालेल्यांना काढतील, कारण त्यांच्याकडे नवरा आहे. उद्या म्हाताऱ्यांना काढतील, कारण त्यांच्याकडे मुलं आहेत. कोण किती गरजू आहे हे मालकाने ठरवायचं आणि आपण माना डोलवायच्या, असं एकदा सुरू झालं की ते कुठे थांबवायचं? दहा तासांची किंमत चुकवायचीच असेल तर सगळ्यांनी मिळून चुकवू. “आणि टाळेबंदी झाली,” ती शेवटी म्हणाली, “तर फ्रीडाच्या घरी आधी पोचायला हवं. माझ्या घरी नंतर. एवढं आज इथेच ठरवून घ्या.”

हात वर झाले. मावशीने ते दोनदा मोजले, कारण तिला दुरून नीट दिसत नव्हतं आणि ती कबूल करत नव्हती. दहा तास हवेत, अट नको, हे उत्तर एका हाताने पुढे निघालं.

फ्रीडाचा हात दुसऱ्या बाजूला होता. राइनहोल्टचाही. त्याने तो हेडविगच्या डोळ्यांसमोर, नीट ताठ धरून वर केला होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी कित्येक महिन्यांनी तो तिला त्या मागच्या बाकावरच्या, टोपी कुस्करणाऱ्या मुलासारखा दिसला, जो अजून काहीच शिकला नव्हता आणि म्हणून खोटं बोलत नव्हता.

“लिही मग,” मावशी त्याला म्हणाली. “अक्षर चांगलं काढ. हरलेल्याचं अक्षर वाकडं येतं.”

“नाही येणार,” राइनहोल्ट म्हणाला, आणि त्याने बाह्या वर केल्या.

*

सोमवारी उजाडायच्या वेळी गिरणीसमोरचा रस्ता भरला होता. राइनहोल्टने उत्तर फाटकाच्या खिडकीतून आत दिलं. ज्या उत्तराच्या विरोधात त्याने हात वर केला होता, ते त्याने पहारेकऱ्याला स्पष्ट आवाजात वाचूनही दाखवलं, दोन्ही बाजूंच्या लोकांना ऐकू जाईल असं. पाउल काहीतरी बोलायला पुढे आला. राइनहोल्ट त्याला म्हणाला, “हे आमचं उत्तर आहे. तुझंही आणि माझंही. ज्याला समिती बदलायची असेल त्याने पुढच्या सभेत बदलावी.” पाउलने खांदे उडवले, पण तो घरी गेला नाही.

पत्रकं फाटकावर आतूनच चिकटवून ठेवलेली असावीत, इतक्या लवकर ती बाहेर आली. टाळेबंदी. मुदत लिहिलेली नव्हती.

टेश्के आला, टोप डोक्यावर. “ही सभा नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही हो,” मावशी म्हणाली. “आम्ही कामाला आलोय. दार उघडत नाहीये.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाया आणि पुरुष रस्ताभर एकमेकांत मिसळून उभे होते. दगडी रस्त्यावर दंव पडलं होतं. तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे हात मागे बांधून उभा राहिला.

समितीने माणसं वाटून दिली. बाहेरगावाहून कामगार आणले तर ते मागच्या फाटकाने आत शिरतील, म्हणून तिथे पाळी लावली. हेडविगची पहिली पाळी होती. ती मागे गेली आणि कोळसा उतरवायच्या कट्ट्यावर बसली. समोर बंद धुराडं आणि त्यामागे हळूहळू फिकट होणारं आकाश. काय होईल हे तिला माहीत नव्हतं. टाळेबंदी किती चालेल, त्यानंतर मालक आधी कुणाला परत घेतील, आणि ज्या बायकांसाठी ती उभी राहिली त्यांच्यापैकी किती जणी वसंतात तिच्याशी बोलतील. माहीत नसण्याची तिला सवय नव्हती. मागावर समोर कापड दिसतं, चुकलं की कळतं.

पाय ओढत कुणीतरी आलं. फ्रीडा होती. बुटांच्या नाड्या बांधल्या नव्हत्या, नुसत्याच आत खोचलेल्या.

“तुझी पाळी दुपारची आहे,” हेडविग म्हणाली.

“माहीत आहे. घरात बसून काय करू? आई सारखी विचारते, भोंगा का वाजला नाही.” तिने फाटकाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. “तुझ्यामुळे झालं हे.”

“हो.”

“पुन्हा मत घेतलं तर मी पुन्हा तेच देईन.”

“दे.”

फ्रीडा थोडा वेळ तशीच उभी राहिली, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. हेडविगने तिला बस म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती बसली नसती.

“सरक,” फ्रीडा शेवटी म्हणाली.

हेडविग सरकली.